रेडिओ चालू आहे

“तो गप्प बसला तर खुशाल बसू दे. तोंडाचा पट्टा सुटला की मात्र त्याच्याकडे नीट बघत जा,” असं सासूबाईंनी एकदा सांगितलं होतं. वहिनी तेव्हा नव्यानेच घरात आली होती आणि मटार सोलता सोलता धाकट्या दिराच्या नकलांना पोट धरून हसत होती. “मग तर दिवसभर त्यांच्याकडेच बघत बसावं लागेल, आई,” असं म्हणून तिने ते हसण्यावारी नेलं. सासूबाईंनीही विषय ताणला नाही. पुढे त्यांचं आजारपण आलं, त्या गेल्या, आणि ते वाक्य इतर अनेक वाक्यांसारखं त्या घरात कुठेतरी पडून राहिलं.

दिराला घरात सगळे रेडिओ म्हणत. लढाई सुरू झाल्यावर तो हेलिकॉप्टरवर क्रूमन म्हणून गेला आणि जमेल तेव्हा तिकडून फोन करायचा. फोन सासऱ्यांकडून, म्हणजे आप्पांकडून, ताईकडे, ताईकडून वहिनीकडे, वहिनीकडून तिच्या अडीच वर्षांच्या चिमणीच्या कानाला असा फिरायचा. पलीकडून नुसता धबधबा. जेवण कसं बेचव आहे, कोण झोपेत कसा ओरडतो, कुणाचा बूट कुत्र्याने कसा पळवला. फोन ठेवला की आप्पा खुर्चीवरून उठायचे आणि जाहीर करायचे, “रेडिओ चालू आहे.” मग सगळे जेवायला बसत. रेडिओ चालू म्हणजे सगळं ठीक, ही त्या घराची ठाम समजूत होती. त्यावर कधी कुणी शंका घेतली नव्हती. वहिनीनेही नाही, आणि ती तर चिमणीने एक शिंक दिली तरी थर्मामीटर घेऊन मागे धावणारी.

दंडातून गोळी आरपार गेल्यावर त्याला सुट्टीवर घरी पाठवलं. जखम भरत आलीय, असं तो म्हणाला. पट्टी स्वतःची स्वतः बदलायचा, न्हाणीघराचं दार लावून, आतून गाणी म्हणत. आणि आता तपासणी उद्यावर आली होती. लष्करी इस्पितळातले डॉक्टर त्याला बघणार, आणि त्याने पुन्हा उडायचं की नाही ते ठरवणार.

त्या रविवारी दुपारी त्याच्या हेलिकॉप्टरची कॅप्टन जेवायला यायची होती.

“तू बोल तिच्याशी,” ताई बटाटे कापता कापता म्हणाली. ताई म्हणजे मोठी नणंद. रागावली की सुरी जोरात चालवायची. “मी तोंड उघडलं तर भांडण होईल. तू गोड बोलतेस.”

“काय बोलू पण?”

“म्हणावं, उद्या डॉक्टरांनी पास केलं तरी याला नेऊ नका. दुसरा बघा कुणीतरी.”

“ताई, तिची काय भाजीची गाडी आहे? हा नको, तो द्या म्हणायला?”

ताई हसली नाही. “आई असती तर तिने दार अडवलं असतं. तुझा नवरा मूग गिळून बसलाय. आणि आप्पांना तर काय, वर्तमानपत्रात फोटो येणार म्हटल्यावर मुलगा गेला तरी चालेल.”

“माझे कान अजून शाबूत आहेत हो!” बाहेरून आप्पा गरजले.

“ऐकू जावं म्हणूनच बोलले!”

आईच्या आजारपणात या बापलेकीचं जे बिनसलं होतं ते अजून सांधलं नव्हतं. कुठलाही विषय निघाला की दोघं आपापल्या बाजूला जाऊन उभे राहायचे. या वेळी मधल्या जागेत रेडिओ होता. वहिनीच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. ‘त्याने माझ्यासोबत दुकानात यावं’ हे त्याने फक्त बायकोला सांगितलं होतं, तेही दिवा मालवल्यावर.

आणि ज्याच्यावरून हे चाललं होतं तो बाहेर चिमणीला खांद्यावर बसवून, उजव्या हाताने तिचा पाय धरून, घरभर उडत होता. “प्रवासी मंडळी, डावीकडे तुम्हाला एक जुनाट डोंगर दिसेल. घाबरू नका, ते आप्पा आहेत.” सकाळी उठल्यापासून तो असाच सुटला होता. दूधवाल्याला हसवलं, शेजारच्या काकूंना हसवलं, ताईलासुद्धा एकदा हसवलं आणि ती त्यावर आणखी चिडली.

कॅप्टन आली तेव्हा सगळेच जरा गडबडले. त्यांनी मनात कुणीतरी उंच, धिप्पाड बाई उभी केली होती. दारात होती ती लहानखुरी, केस बारीक कापलेली, हातात फळांची पिशवी. आप्पा खुर्चीतून उठले. आप्पा कुणासाठी उठत नसत.

“हीच ती,” रेडिओ म्हणाला. “दिसायला एवढीशी आहे, पण ओरडली की इंजिन बंद पडतं.”

“तू सुट्टीवर आहेस म्हणून सोडते,” ती म्हणाली.

जेवायला बसल्यावर आधी हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. मग आप्पांना राहवेना. त्यांचा उभा जन्म लिफ्टच्या यंत्रखोलीत गेलेला. दोर, कप्पी, वंगण हे शब्द निघाले की ते तरुण व्हायचे. “याचं काम म्हणजे माझंच काम,” ते म्हणाले. “दोर सोडायचा, माणूस वर घ्यायचा. फक्त याच्या लिफ्टला इमारत नसते.”

“ते एक काम झालं, आप्पा,” कॅप्टन म्हणाली. “दुसरं यानं तुम्हाला सांगितलं नसेल.”

“भात घ्या ना, कॅप्टन,” रेडिओ मध्येच म्हणाला. “वहिनींचा भात म्हणजे—”

“बोलू दे तिला,” ताई म्हणाली.

कॅप्टनने चमचा खाली ठेवला. “उतरताना मला समोरचं दिसतं. पोटाखालचं दिसत नाही आणि मागचं तर अजिबातच नाही. शेपटीला पंखा असतो. तो एखाद्या फांदीला जरी घासला तरी आम्ही सगळे संपलो. म्हणून हा उघड्या दारात पालथा पडतो, कंबरेला पट्टा, डोकं बाहेर, आणि मला सांगत राहतो. पुढे तीन, पुढे दोन, थांबा, खाली पाच, शेपूट मोकळी. आमचा एक नियम आहे. हा आवाज थांबता कामा नये. सांगायला काही नसलं तर ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणायचं, पण थांबायचं नाही. आवाज थांबला की मी समजते, घात आहे. मग मी विचार करत बसत नाही. सरळ वर जाते. खाली कुणीही असो.”

“कुणीही?” वहिनीच्या नवऱ्याने विचारलं.

“कुणीही. तेवढा वेळच नसतो.”

टेबलावर कुणी जेवत नव्हतं. रेडिओ तेवढा पाण्याचा पेला गोल गोल फिरवत होता.

“त्या दिवशी खडीची खाण होती,” कॅप्टन सांगू लागली. “तळाशी जखमी पडलेले. रस्ता तुटलेला. आमच्या आधी एक हेलिकॉप्टर येऊन परत गेलं होतं. जागा एवढी अरुंद की तीन बाजूंना कडा. आणि वरून कुणीतरी आमच्यावर गोळ्या झाडतंय. मी खाली जायला लागले आणि धूळ अशी उठली की काचेपलीकडे काही दिसेना. माझ्याकडे उरला फक्त याचा आवाज. उजवीकडे कडा आहे, एक हात डावीकडे घ्या. बस. खाली सहा. खाली पाच. शेपूट मोकळी. आणि तेवढ्यात हा म्हणतो, ‘कॅप्टन, या भिंतीला रंग द्यायला झालाय हो, आपल्या आप्पांना सांगू का, खाली चार.’ मला त्या अवस्थेत हसू आलं. मी म्हटलं, गप उतरव. तर म्हणे, ‘गप्प कसा बसू, नियम आहे. खाली तीन.’”

तिने रेडिओकडे पाहिलं.

“भिंतीला रंग द्यायला झालाय म्हणाला ना, त्याच्या आधी क्षणभर याला गोळी लागली होती.”

ताईचा हात तोंडावर गेला.

“मला नंतर कळलं. यानं श्वाससुद्धा चुकवला नाही. नुसता ‘आई गं’ म्हणाला असता आणि थांबला असता, तर मी वर गेले असते आणि ती माणसं तिथेच राहिली असती. दुसऱ्यांदा उतरायला आम्हाला कुणी दिलं नसतं. यानं मला तळापर्यंत नेलं. जखमींना आत घेतलं. शेवटचा एक जण लांब पडला होता, त्याला आणायला पट्टा सोडून हा स्वतः उतरला आणि एका हाताने, कॉलरला धरून, ओढत घेऊन आला. मग पुन्हा दारात पालथा. वर चला, शेपूट मोकळी, वर चला. आमच्या हवाई तळावर चाकं टेकेपर्यंत बोलत होता. आत रक्त होतं, पण ते मला जखमींचं वाटलं. इंजिन बंद करून मी मागे वळले तेव्हा हा भिंतीला टेकून बसला होता. मला म्हणाला, ‘कॅप्टन, आता जरा गप्प बसू का?’”

आप्पांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घालायचा विसरले.

“एवढं काही नाही हो,” रेडिओ म्हणाला. “मला एका वेळी एकच काम जमतं. बोलत होतो, म्हणून दुखायला वेळच मिळाला नाही.” आणि लगेच त्याने कॅप्टनची नक्कल सुरू केली, ती हेल्मेट घालून कशी चालते त्याची.

सगळे हसले. ते हसणं रडण्याच्या अगदी काठावरचं होतं. ताई उठली, त्याच्या मागे जाऊन उभी राहिली, आणि लहानपणी करायची तसा तिने त्याच्या केसांतून हात फिरवला. “जा बाबा,” ती म्हणाली. “उद्या पास हो आणि जा. मी कोण तुला अडवणार? मला वाटलं, तू तिकडे मजा मारायला जातोस.”

“दुकानाचं मी काही बोललोच नव्हतो,” वहिनीचा नवरा पुटपुटला.

“कुठलं दुकान?” आप्पांनी विचारलं.

“काही नाही.”

ज्या गोष्टीवरून महिनाभर घर दुभंगलं होतं ती अशी एका जेवणात मिटली. बापलेक एका बाजूला आले. ताईने आप्पांच्या ताटात न विचारता बटाटे वाढले आणि आप्पांनी ते न कुरकुरता खाल्ले. वहिनीला खरं तर आनंद व्हायला हवा होता.

पण तिच्या मनात एक वाक्य काट्यासारखं रुतून बसलं होतं. गोळी लागली आणि हा विनोद करायला लागला.

तिने दिराकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्याचं ऐकायचं सोडून नुसतं पाहिलं. उकाड्यातही पूर्ण बाह्या, मनगटाशी बटण लावलेलं. वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब. डोळे चकाकत होते, पण चिमणीचे ताप चढताना चकाकतात तसे. डावा हात सगळं जेवण होईपर्यंत मांडीवरून हलला नव्हता. पोळीसुद्धा त्याने एका हाताने तोडली होती. आणि तोंड चालू होतं. सकाळपासून अखंड चालू होतं. मटारांच्या टरफलांचा वास तिच्या नाकात शिरला, आणि सासूबाईंचा आवाज.

“पाणी आणते,” म्हणत ती आत गेली. औषधांचं कपाट उघडलं. तापाच्या गोळ्यांची पट्टी जागच्या जागी होती, फक्त आत गोळी एकही नव्हती. रिकाम्या पट्टीचा कागद कुणीतरी हलकेच दाबून बसवला होता. मागची नवी पट्टीही तशीच. आठवड्याच्या सुरुवातीला गोळ्या कमी झालेल्या दिसल्या तेव्हा नवऱ्याचं डोकं दुखत असेल, असं ती समजली होती.

“भाऊजी,” तिने हाक मारली, “जरा आत या. वरचा डबा काढून द्या.”

तो आला. “वहिनी, हेलिकॉप्टर मागवू का?” त्याने उजवा हात वर केला.

“डाव्याने काढा.”

“डावा सुट्टीवर आहे.”

“डाव्याने काढा, भाऊजी.”

त्याचा हात खांद्यापर्यंतही गेला नाही. तोंडावर हसू तसंच होतं, पण रंग भराभर उतरत गेला. तिने पुढे होऊन त्याच्या कपाळावर तळवा ठेवला. तव्यावर ठेवावा तसा चटका बसला.

“केव्हापासून?” तिने विचारलं. आणि त्याने पुन्हा काहीतरी गमतीचं बोलायला तोंड उघडलं तेव्हा ती चिमणीला दटावते तशी दटावून म्हणाली, “बाही वर कर. दाखव.”

त्याने बाही वर केली. पट्टीखालून पिवळसर डाग आला होता आणि लाली कोपराच्या खालपर्यंत उतरली होती.

“उद्याचा दिवस, वहिनी,” तो हळू आवाजात म्हणाला. “फक्त उद्याचा. गोळी घेतली की ताप उतरतो, पट्टी नवी बांधतो, हात थोडा हलवून दाखवता येतो. मी आरशासमोर करून पाहिलंय. एकदा पास झालो की मी स्वतः तिकडच्या डॉक्टरला दाखवतो. शपथ.”

“एवढी काय घाई आहे मरायची?”

“मरायची नाही हो.” तो ओट्याला टेकला. “ती परवा परत जातेय. तिला नवा माणूस दिलाय. चांगला आहे, हुशार आहे, पण घाबरला की गप्प होतो. सरावात मी पाहिलंय. तो गप्प झाला की ती वर जाणार. ती बरोबरच करेल, नियमच आहे. पण मग खाली जे असतील ते खालीच राहतील. खाली पडलेल्याला वर जाणारं हेलिकॉप्टर कसं दिसतं, माहिती आहे तुम्हाला? मी एकाच्या डोळ्यांत पाहिलंय. आमच्या आधी आलेलं परत जाताना तो खालून बघत होता, ते आम्ही पोचलो तेव्हाही त्याच्या डोळ्यांत होतं.” त्याने घाम पुसला. “मला दुसरं काही येत नाही, वहिनी. बोलता येतं. ते तरी करू द्या.”

त्या खाणीच्या तळाशी पडलेला कुणी वहिनीच्या डोळ्यांसमोर आला, आणि तो घरातून निघताना मागून ‘लवकर ये’ म्हणणारी कुणी बाई, त्याची आई असेल किंवा बायको. गप्प राहणं सोपं होतं. बाहेर घर कधी नव्हे ते एक झालं होतं. सगळे हसत होते.

“आणि वर असताना ताप डोक्यात गेला तर?” ती म्हणाली. “खाली तीन असताना तुमच्या तोंडून पाच आलं तर? ती तुमच्या शब्दावर उतरणार आहे. डोळे मिटून.”

बाहेर चिमणी ‘काका, उडूया’ म्हणून हाका मारत होती.

“मी सांगू की तुम्ही सांगता?” तिने विचारलं.

तो बाही तशीच दुमडलेली ठेवून बाहेर आला. टेबलाशी उभा राहिला. सवयीने त्याने एक वाक्य सुरू केलं, “तर मंडळी, आजचा शेवटचा कार्यक्रम…” आणि ते सोडून दिलं. “आप्पा,” तो म्हणाला, “हात फार दुखतोय. बरेच दिवस दुखतोय.”

ताई किंचाळली. वहिनीचा नवरा गाडीची किल्ली शोधायला धावला आणि ती खिशातच असताना सगळी ड्रॉवरं उघडत सुटला. आप्पा मात्र उठून जवळ आले. आता चष्मा लावून त्यांनी तो हात वळवून, वाकून, खालून वरून पाहिला, कुठे किती बिघाड झालाय ते डोळ्यांनी चाचपावं तसा.

“आप्पा, उद्या नुसतं उभं राहायचंय,” रेडिओ म्हणाला. “तुम्ही तर म्हणाला होतात, माझा मुलगा जाणारच.”

“म्हणालो होतो,” आप्पा म्हणाले. “दोराची एक तार तुटलेली दिसली की मी लिफ्ट बंद करायचो. वरचे ओरडायचे, खालचे ओरडायचे, मालक फोनवर शिव्या घालायचा. बंद म्हणजे बंद. त्याबद्दल मला कुणी कधी शाबासकी दिली नाही. पण माझ्या लिफ्टमधून कुणी पडलंही नाही.” त्यांनी बाही हळूच खाली ओढली. “तू बंद आहेस, बाळा. दुरुस्त होईपर्यंत.”

कॅप्टन तोवर खुर्चीवरून उठली होती. तिच्या चेहऱ्यावर राग होता, आणि दुसरंही काहीतरी, जे वहिनीला नाव देता आलं नाही.

“मी तुझ्या आवाजावर उतरते,” ती त्याला म्हणाली. “आणि तू तासभर माझ्यासमोर बसून सांगत होतास, शेपूट मोकळी, शेपूट मोकळी. मोकळी नव्हती.”

“नव्हती,” तो म्हणाला.

“बूट घाल. मी नेते.”

डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी जखम उघडली. आणखी थोडं थांबला असता तर हात काढावा लागला असता, असं ते म्हणाले, आणि त्यानंतर त्यांनी जे ऐकवलं ते ताईने शब्द न शब्द घरी येऊन सांगितलं, कारण तिला स्वतःला तेच म्हणायचं होतं. हात वाचला. उडण्याचं नाव मात्र कुणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी डबा घेऊन गेली तेव्हा खोलीतून एक अनोळखी आवाज येत होता. तिने दाराच्या फटीतून पाहिलं. तो नवा क्रूमन कॉटशेजारी पाठमोरा उभा होता आणि दम लागेपर्यंत बोलत होता. “खिडकी उघडी, पडदा डावीकडे, खाली गाडी लागली आहे, पांढरी, पंखा फिरतोय, नर्स येतेय, ट्रे आहे, अं…”

“अं नाही,” रेडिओ उशीवरून म्हणाला. त्याचा आवाज अशक्त होता आणि त्यात कसलीही गंमत नव्हती. “अं म्हणालास की ती वर गेली. पुन्हा. खिडकीपासून.”

आणि त्याने पुन्हा सुरू केलं. वहिनी डबा हातात धरून बाहेरच उभी राहिली. असं ते सलाइन बदलेपर्यंत चाललं. तो नवा माणूस घामाघूम झाला, पण शेवटी मध्येच अडखळायचा थांबला. मग रेडिओने डोळे मिटले. “आता जा,” तो म्हणाला. “तिला माझ्यासारखे विनोद ऐकवू नकोस. नुसतं बोलत राहा.”

कॅप्टन त्याच्या दुसऱ्या दिवशी निघाली. निघण्यापूर्वी ती इस्पितळाच्या जिन्यात वहिनीला भेटली. आभार वगैरे दोघींनीही मानले नाहीत. तिने एवढंच सांगितलं की घरी तिचे वडील एकटे आहेत. टायरच्या दुकानासमोरची इमारत, दुसरा मजला. ऐकायला कमी येतं, म्हणून फोनवर बोलणं होत नाही. “तुम्हाला जमलं तर,” ती म्हणाली आणि वाक्य अर्धं ठेवून उतरून गेली.

वहिनी दर आठवड्याला जाते. म्हातारबुवा खिडकीशी खुर्ची लावून बसलेले असतात, हेलिकॉप्टरचा आवाज त्यांना ऐकू येत नाही, म्हणून आकाशाकडे बघत. या आठवड्यात चिमणीला कांजिण्या आल्या आणि वहिनीला घर सोडता आलेलं नाही. रेडिओ अजून कॉटवर आहे, ताई त्याच्यापाशी आहे. म्हणून हे वाचणाऱ्यांपैकी कुणी त्या बाजूला राहत असेल, किंवा ज्यांचं माणूस तिकडे गेलंय असं दुसरं कुठलं घर तुमच्या वाटेवर असेल, तर वहिनीचं तुम्हाला हात जोडून सांगणं आहे की जरा डोकावून या. बेल बराच वेळ वाजवा आणि लगेच वळू नका, त्यांना ऐकू यायला आणि दारापर्यंत यायला वेळ लागतो. ते दार थोडंसं उघडतील आणि ‘मी ठीक आहे, मला काही नको’ म्हणतील. तरीही आत जा. दुसरी खुर्ची खिडकीशी ओढून घ्या आणि थोडा वेळ त्यांच्यासोबत वर बघत बसा.